स्टेफाच्या नावावरची गाडी

त्या वर्षी कंपनीने अख्ख्या कॅनडासाठी तीनशे गाड्या काढल्या आणि त्यातल्या मॅनिटोबा प्रांताच्या वाट्याला पाच आल्या. पाचातली एक शोरूमच्या मालकाने स्वतःच्या जावयाला दिली. उरलेल्या चार विनिपेगच्या दातांच्या डॉक्टरांनी नेल्या, असं झेनन पावलुक सगळ्यांना सांगायचा. दातांच्या डॉक्टरांवर त्याचा राग जुना होता, त्यामुळे यात खरं किती, हे त्याच्या बायकोने, हाल्याने, कधी विचारलं नाही.

झेनन चौसष्ट वर्षांचा. छत्तीस वर्षं त्याने विजेच्या खांबांवर चढून तुटलेल्या तारा जोडल्या, त्याही थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशा थंडीत. निवृत्त झाल्यावर इतर पुरुष बोट घेतात, फ्लोरिडाला जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकघरात डबे नव्याने लावायला लागतात. झेननने यातलं काही केलं नाही. त्याने फक्त एक गाडी मागितली. दोन दारांची, हाताने गियर टाकायची, गाजरासारखी केशरी.

"शेवटचं मॉडेल आहे हे, हाल्या," तो म्हणायचा. "यानंतर सगळ्या बॅटरीवर. आवाजच नाही. फ्रिजमध्ये बसून गावाला गेल्यासारखं."

विनिपेगच्या शोरूममध्ये त्याचं नाव यादीत एकशे एकेचाळिसावं होतं. सेल्समन फार आदबीने बोलला. म्हणाला, मिस्टर पावलुक, कुणी मेलंबिलं तर नंबर वर सरकेल. झेनन घरी येऊन म्हणाला, एकशे चाळीस माणसं मरायची वाट बघण्याइतका मी वाईट नाही, आणि तेवढा तरुणही नाही.

गाडी सापडली ती सीमेपलीकडे, ग्रँड फोर्क्सला. अमेरिकेला कंपनीने भरपूर दिल्या होत्या, आणि तिथे ती काचेमागे चक्क धूळ खात उभी होती. झेननने फोन केला. तिकडचा सेल्समन आधी जुना मित्र असल्यासारखा बोलत होता. पत्ता विचारल्यावर झेननने "व्हिटा, मॅनिटोबा" म्हटलं आणि त्याचा आवाज उतरला. कंपनीचा नियम होता. गाडी विकायची ती अमेरिकेत राहणाऱ्यालाच. घेणाऱ्याने लिहून द्यायचं, की सहा महिने ती देशाबाहेर नेणार नाही, सहलीलासुद्धा नाही. नेली, तर वॉरंटी दोन्ही देशांत गेली. सहा महिन्यांनंतर कुणाला विकायची असेल, सीमेपलीकडे न्यायची असेल, तर खुशाल. वॉरंटी गाडीबरोबर जाईल.

आणि वॉरंटीशिवाय ती गाडी घेणं म्हणजे वेडेपणा, हे झेननलाही कळत होतं. गावातल्या मेट्रो शेवचुकच्या मुलाकडे आदल्या वर्षीची तीच गाडी होती. आठ हजार किलोमीटरवर तिच्या इंजिनात पाणी शिरलं. कंपनीने मुकाट्याने नवं इंजिन बसवून दिलं, पण त्याची किंमत छापलेला कागद मेट्रोने को-ऑपच्या दुकानात, सकाळच्या कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांना फिरवून दाखवला होता. तेवढ्यात घराचं छप्पर आणि तळघरातली घर तापवायची भट्टी दोन्ही नवी झाली असती.

"म्हणजे अमेरिकेतलं कुणीतरी आपलं माणूस हवं," झेनन जेवताना म्हणाला. म्हणाला तो बीटच्या सुपाकडे बघत. "नावाला फक्त. पैसे आपले, सही त्यांची. सहा महिने त्यांच्या गॅरेजमध्ये उभी राहील."

"हो," हाल्या म्हणाली.

"आपलं कोण आहे तिकडे?"

कोण आहे ते दोघांनाही माहीत होतं. पन्नास किलोमीटरही नाही, सीमेपलीकडच्या लँकेस्टरला, हाल्याची सख्खी मोठी बहीण स्टेफा राहत होती. हाल्याने उठून सुपात आणखी मलई घातली. झेननला मलई चालत नव्हती, हे तिला त्या वेळी आठवलं नाही.

दोघी बहिणी भांडल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. झालं होतं ते असं. महामारीच्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, स्टेफाचा नवरा ऑर्व्हिल गेला. बीट पिकवणारा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच स्वीडिश माणूस, वर्षाला शंभरेक शब्द बोलायचा. हाल्या सतरा वर्षांची असताना तिला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं, स्वतःच्या बीटच्या ट्रकवर, आणि तिने ट्रक खड्ड्यात घातल्यावर फक्त "हं" म्हणाला होता. तो गेला तेव्हा जमिनीवरून सीमा बंद होती. पण आकाशातून उघडी होती. विनिपेगहून विमानाने मिनिआपोलिसला जायचं आणि तिथून सहा तास गाडीने उत्तरेला यायचं, म्हणजे पन्नास किलोमीटरसाठी अर्धा देश फिरायचा, आणि परत आल्यावर पंधरा दिवस घरात कोंडून घ्यायचं. लोकांनी केलं होतं तसं. हाल्या तेव्हा व्हिटाच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकघर बघत होती. तिने स्टेफाला फोनवर सांगितलं, की वृद्धाश्रमाने सुट्टी दिली नाही.

सुट्टी तिने मागितलीच नव्हती.

घाबरली होती ती. विमानाला, रोगाला, तिकडच्या शवपेटीला, स्टेफाच्या चेहऱ्याला. हे तिने झेननलाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर नाताळला फोन, वाढदिवसाला कार्ड. सीमा उघडल्यावर दोघी एकदा ग्रँड फोर्क्सच्या मॉलमध्ये भेटल्या होत्या. कॉफी प्यायल्या आणि गुडघ्यांविषयी बोलल्या.

फोन करायला हाल्याने तीन दिवस लावले.

"चार वर्षांनी फोन केलास तो गाडीसाठी?" सगळं ऐकून स्टेफा म्हणाली.

"नाताळला केला होता."

"नाताळचा मोजायचा नसतो. तो सगळेच करतात. किती दारांची आहे?"

"दोन."

"म्हणजे उतारवयासाठी घेताय. काय रंग?"

"केशरी."

मग स्टेफा म्हणाली, "ऑर्व्हिलचा ट्रॅक्टर विकल्यापासून गॅरेज रिकामंच आहे. पण मी तिला चालूबिलू करणार नाही. थंडीत गाडीला काय लागतं ते मला माहीत नाही, मला शिकायचंही नाही. दर पंधरा दिवसांनी शनिवारी यायचं आणि आपलं लेकरू आपण बघायचं. दोघांनी."

"मी कशाला? झेनन येईल."

"दोघांनी," स्टेफा म्हणाली. "नाहीतर सही नाही."

सात नोव्हेंबरला स्टेफा लिंडग्रेन, वय बहात्तर, डोक्याला विणलेली टोपी, ग्रँड फोर्क्सच्या शोरूममध्ये जाऊन तीनशे घोड्यांच्या ताकदीची केशरी गाडी घेऊन आली. सेल्समनने विचारलं, मॅडम, रेसिंगचा कॅमेरा बसवून देऊ का? स्टेफा म्हणाली, नको, उशी असेल तर द्या.

तो हिवाळा त्या गाडीला भेटायला जाण्यात गेला. शनिवारी सकाळी पिकअपमध्ये थर्मास, बटाटा भरून उकडलेल्या पिरोहींचा डबा आणि झेननची हत्यारं घेऊन निघायचं. सीमेवरचा नाका म्हणजे गव्हाच्या शेतात एक पत्र्याची शेड आणि आत एक बाई. तिने पहिल्या शनिवारी विचारलं, कशासाठी जाताय? झेनन खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "गाडीला भेटायला." बाईने मान वर केली. हाल्या घाईघाईने म्हणाली, "माझ्या बहिणीला भेटायला." तेव्हापासून ती बाई दर वेळी झेननला विचारायची, "कशी आहे तब्येत?" आणि झेनन तिला बॅटरीचे व्होल्ट सांगायचा.

स्टेफाच्या गॅरेजमध्ये गाडी फ्लॅनेलच्या जुन्या चादरींखाली झोपलेली असायची. झेनन चादरी काढायचा, टायर थोडे फिरवून ठेवायचा म्हणजे एका बाजूला चपटे होणार नाहीत, बॅटरीचा चार्जर बघायचा. मग आत बसायचा. चालू न करता. गियर टाकायचा, काढायचा. तासभर. खिडकीतून स्टेफा बघायची आणि म्हणायची, "माझा नवरा चर्चमध्येसुद्धा एवढा शांत नव्हता बसत."

आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणी असायच्या. स्टेफाला बरंच काही बोलायचं असायचं: शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल, ऑर्व्हिलच्या लुथेरन चर्चमधल्या बायकांच्या भट्टीत भाजलेल्या बेचव कॅसेरोलबद्दल, डॉक्टरने बंद केलेल्या मिठाबद्दल. टेबलाशी ऑर्व्हिलची खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. दर शनिवारी हाल्या मनात वाक्य जुळवून आणायची आणि दर शनिवारी ते पिरोहींच्या रिकाम्या डब्यात परत घेऊन जायची.

स्टेफाने स्वतःहून तो विषय एकदाच काढला. फेब्रुवारीत, भांडी पुसताना, हाल्याकडे पाठ करून. "सहा माणसं होती. पाद्री धरून. सगळी एकमेकांपासून लांब लांब उभी, जशी काही एकमेकांना ओळखत नाहीत. मी आपली रस्त्याकडे बघत होते." मग बशी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या पिरोहींत या वेळी बटाटा जास्त झालाय."

हाल्या म्हणाली, "हो, झालाय."

पिकअपमधून परत येताना ती रिकामा डबा मांडीवर धरून बसली होती. झेनन मात्र बोलत होता. शंभर दिवस झाले, ऐंशी राहिले. वॉरंटीची चोपडी त्याने पाठ केली होती. कुठल्या पानावर काय लिहिलंय, सील गेलं तर पैसे कुणी भरायचे, गंज आला तर किती वर्षं. संध्याकाळी चष्मा लावून तो ती वाचत बसायचा आणि अधूनमधून हाल्याला एखादं कलम वाचून दाखवायचा. एखाद्या गोष्टीची कुणीतरी एवढी लेखी काळजी घेतंय, याचं त्याला कौतुक वाटायचं. खांबावरच्या माणसाची कुणी घेतली नव्हती. दोनदा पडला होता तो.

एप्रिल उजाडला. ईस्टर झाला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी कबरींच्या आशीर्वादाचा दिवस आला.

त्या दिवशी शेजारच्या गार्डेंटन गावच्या दफनभूमीत सगळे आपापल्या माणसांपाशी उभे राहतात. कबरीवर ईस्टरचा गोड पाव, रंगवलेली अंडी, मेणबत्ती. प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून फादरना देतं. फादर कबरीपाशी येऊन ती नावं मोठ्याने वाचतात, पाणी शिंपडतात, सगळे मिळून मृतांसाठीचं गाणं म्हणतात आणि मग पुढची कबर. फादर बोरिसकडे त्या एका दिवसात चार दफनभूम्या असायच्या. अकराला गार्डेंटन, बरोब्बर अकराला, आणि पावलुकांच्या शेजारचीच रांग पहिली, कारण ती फाटकाजवळ. हाल्या आणि स्टेफाचे आईवडील त्या रांगेत तिसरे होते. स्टेफा या दिवसाला महामारीपासून आली नव्हती. या वर्षी येते म्हणाली होती. हाल्याने आदल्या रात्री तिच्यासाठी वेगळा पाव भाजला होता.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी हाल्याचा फोन वाजला. ती तेव्हा दफनभूमीच्या फाटकात, हातात टोपली घेऊन उभी होती.

"चालू होत नाही," स्टेफा म्हणाली. धाप लागली होती तिला. "माझी गाडी. अर्धा तास झाला. टकटक करते आणि मरते. शेजारी सगळे त्यांच्या चर्चमध्ये गेलेत. कुत्रा आहे फक्त."

हाल्याने मनात हिशेब केला. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, नाक्याचा वेळ वेगळा. फादर बोरिस तोपर्यंत तिसऱ्या दफनभूमीत पोचले असते.

"जाऊ दे," स्टेफा म्हणाली. "पुढच्या वर्षी येईन. जगले तर. तू माझ्या वाटची मेणबत्ती लाव."

त्या "जाऊ दे"मध्ये काही कडू नव्हतं. तेच हाल्याला सहन झालं नाही. तिने दूर पाहिलं. झेनन सासूसासऱ्यांच्या कबरीवरचा थंडीने कललेला क्रूस लाकडी हातोड्याने ठोकून सरळ करत होता. वीस पावलांवर होता. जाऊन विचारता आलं असतं. पण विचारायचं राहून जाणं, या एका गोष्टीचा तिला चांगला अनुभव होता, आणि त्या वेळचं सुट्टीचं न विचारणं तिच्या अंगावर चार वर्षं बसून होतं. या वेळी तिने निदान स्टेफाच्या बाजूने न विचारायचं ठरवलं.

"स्टेफा," ती म्हणाली, "गॅरेजमध्ये एक गाडी चालू स्थितीत आहे."

"वेडी झालीस? दहा दिवस राहिलेत!"

"किल्ली तुझ्या साखरेच्या डब्याशेजारी आहे."

"अगं, त्या कागदावर सही..."

"स्टेफा. दहा चाळीस झालेत. बस गाडीत."

फोन बंद करून ती झेननकडे गेली. हातोडा चालूच होता.

"स्टेफाची गाडी चालू होत नाहीये," ती म्हणाली.

"बॅटरी गेली असेल. मी सांगितलं होतं तिला, तीन हिवाळे झाले की..." ठक. "मग आता?"

"आता ती येतेय."

"कुणाबरोबर?"

हाल्याने दक्षिणेकडे, रस्त्याकडे बघितलं. हातोडा हवेत थांबला. झेननने तो हळूच खाली, गवतावर ठेवला, जसा काही काचेचा आहे.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास तर?"

झेननने प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला.

"म्हणून नाही विचारलं."

त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. मग म्हणाला, "उन्हाळी टायर आहेत तिला. आणि रस्त्यावर अजून चिखल आहे." आवाज मोठा नव्हता. हाल्याला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

अकरा वाजले. फादर बोरिसनी पहिल्या कबरीवर पाणी शिंपडलं, गाणारे पुरुष घसा साफ करून सुरू झाले. दुसरी कबर मेट्रो शेवचुकच्या आईची. तिथली नावं बरीच होती, देवाची कृपा, शेवचुकांच्यात मेलेले भरपूर. सोळावं की सतरावं नाव चालू असताना दक्षिणेकडून, नांगरलेल्या शेतांवरून, एक आवाज आला. आधी घोंगावल्यासारखा, मग गियर बदलल्यावर खोकल्यासारखा, मग स्पष्ट. बायकांनी मान खाली ठेवली. पुरुषांपैकी एकानेही ठेवली नाही. गाणं चालूच होतं पण सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे वळली होती, फादरांचंसुद्धा.

केशरी गाडी फाटकापाशी थांबली. खिडक्यांपर्यंत चिखल. दार उघडलं, एक काळा बूट बाहेर आला, आणि मग बराच वेळ दुसरं काही आलं नाही. गाडी इतकी खाली होती की स्टेफाला बाहेर निघताच येईना.

झेनन गेला. हाल्याला त्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीकडे बघून काही कळत नव्हतं. तो गाडीजवळ पोचला, दारावरच्या चिखलाकडे बघितलं, पुढच्या काचेवर दगड लागून पडलेल्या टिकलीकडे बघितलं. मग वाकून त्याने स्टेफाला दोन्ही हात दिले आणि विहिरीतून काढावं तसं बाहेर काढलं.

"फार खाली बसते तुझी गाडी," स्टेफा स्कार्फ सारखा करत म्हणाली. "नव्वदने आणली."

"मैल की किलोमीटर?"

"मला काय माहीत. नव्वद."

"नाक्यावर काय सांगितलंस?"

"खरं ते. आईला भेटायला चाललेय म्हटलं. नाक्यावरची बाई म्हणाली, ही तीच गाडी का?"

दोघं आईवडिलांच्या कबरीपाशी येऊन पोचतात तोवर फादर बोरिसही आले. हाल्याने चिठ्ठी पुढे केली. फादरांनी चष्मा वर केला आणि वाचू लागले. "योसिफ. आन्ना. वासिल. लहानगी मारिया." आणि मग अडखळले. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. असलं नाव त्यांच्या कुठल्याच संतांच्या यादीत नव्हतं. "ऑर... ऑर्व्हिल?" ते हाल्याकडे बघून म्हणाले.

"ऑर्व्हिल," हाल्या म्हणाली. "बरोबर आहे."

"ऑर्व्हिल," फादर मोठ्याने म्हणाले आणि त्याच्या वाट्याचंही पाणी शिंपडलं. ते स्टेफाच्या चेहऱ्यावर उडालं. तिने पुसलं नाही. पुरुषांनी गाणं उचललं, लुथेरन बीटवाल्यासाठीही तितक्याच जोरात.

सगळे पुढच्या कबरीकडे सरकले. दोघी मागे राहिल्या. हाल्या मेणबत्तीभोवती उगाचच हात धरून उभी होती. वाराही नव्हता.

"मला सुट्टी नाकारली नव्हती," ती म्हणाली. "मी मागितलीच नव्हती. घाबरले होते मी, स्टेफा. तुला खोटं सांगितलं."

स्टेफाने अंड्यांची टोपली जरा डावीकडे सरकवली, आईच्या बाजूला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या वृद्धाश्रमाच्या त्या मेट्रनने शोकाचं कार्ड पाठवलं होतं. चांगली बाई. लिहिलं होतं, हाल्याने आम्हाला काही सांगितलंच नाही, नाहीतर आम्ही तिला त्याच दिवशी पाठवलं असतं."

"चार वर्षं तुला माहीत होतं?"

"आणि नाहीतर तुझी ती गाजराच्या रंगाची गाडी मी कशाला ठेवून घेतली असती? म्हटलं, सहा महिने पंधरवड्याला येऊन माझ्या टेबलाशी बसली, तर बोलेल. एखाद्या तरी शनिवारी बोलेल." स्टेफाने नाक ओढलं. "शेवटचे दहा दिवस राहिले होते, हाल्या. मी तर आशा सोडली होती."

हाल्या हसायला लागली आणि ते हसणं मध्येच दुसरंच काहीतरी झालं. स्टेफाने तिला दंडाला धरून उभं ठेवलं. पुढच्या रांगेतून बायका वळून बघत होत्या. बघू देत. दफनभूमीत रडण्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही.

झेनन त्या वेळी फाटकाजवळ, रुमालाने काचेवरची टिकली पुसून बघत होता. ती पुसली जाणारी नव्हती.

सोमवारी सकाळी तो फोनजवळ बसला. चोपडी उघडून समोर ठेवलेली.

"कुणाला करतोयस?" हाल्याने विचारलं.

"कंपनीला."

"त्यांना कळलं? गाडीतून कळतं का त्यांना?"

"ते मला नाही माहीत. पण उद्या इंजिन गेलं, त्यांनी कागद उकरले, नाक्याची नोंद निघाली, तर खोटारडी कोण ठरेल? सही माझी नाही, हाल्या. स्टेफाची आहे." तो नंबर फिरवत म्हणाला, "बहात्तर वर्षांच्या बाईने माझ्यासाठी खोटारडी म्हणवून घ्यायचं, हे नाही जमणार मला."

हाल्या त्याच्यासमोर बसली. स्पीकरवरची मुलगी गोड आवाजाची होती. झेननने तिला सगळं सांगितलं, तारखेसकट. मध्ये दोनदा सॉरीही म्हणाला.

"सर," ती मुलगी जरा खाली आवाजात म्हणाली, "माझ्यासमोर तर असं काहीच दिसत नाहीये. मी हे लिहून घेतलं, तर वॉरंटी आत्ताच संपेल. आणि नाही लिहिलं..." ती थांबली. "लिहू का, सर?"

झेननने चोपडीवर तळहात ठेवला होता. त्याच्या दोन बोटांची टोकं थंडीने केव्हाच गेलेली होती, ती तिथल्या छापील ओळींवर टेकली होती. हाल्याला वाटलं, मी बोलावं, नको म्हणावं, ती गाडी माझ्यामुळे... पण तिने तोंड उघडलं नाही. हा निर्णय त्याचा होता, आणि या वेळी तिला तो त्याच्याकडून काढून घ्यायचा नव्हता.

"लिहा," झेनन म्हणाला.

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज झाला. "देशाबाहेर नेण्याचं कारण विचारतंय, सर. ते भरल्याशिवाय पुढे जात नाही."

झेननने फोनवर हात ठेवून हाल्याकडे बघितलं. "कारण काय सांगू?"

हाल्याने विचार केला. "घरचं काम होतं म्हण."

"घरचं काम होतं," झेनन फोनमध्ये म्हणाला.

"तसं काही यादीत नाहीये, सर. 'इतर' टाकते. चालेल?"

"चालेल," झेनन म्हणाला. चोपडी मिटून त्याने बाजूला सारली आणि खिशातून पेन्सिल काढली. "आणि आता तुम्ही फोनवर आहातच तर एक सांगा. या इंजिनाचं तेल किती मैलांनी बदलायचं? खरं किती, पुस्तकातलं नको. आता ते मलाच बघायचंय."

मुलगी सांगायला लागली. तिच्या वडिलांकडेही असलीच एक गाडी होती म्हणे. हाल्याने उठून कॉफी ठेवली, कारण हे बोलणं लांबणार हे दिसतच होतं.